हा काही खात नाही

शांत आहे म्हणता? हो, सगळे तेच म्हणतात — सच अ गुड बेबी — त्या खिडकीतल्या नर्सबाई, डोना, त्याही आत्ता तेच म्हणाल्या. पण आमचा शैलू शांत नाही हो! हा म्हणजे नुसता भोंगा, खालच्या मजल्यावरचे लोक झाडूच्या दांड्याने छत ठोकतात इतका — बसा ना, इथे बसा, ती खुर्ची डुगडुगते. तुम्ही लेकीला ‘पडशील गं’ म्हणालात ना, ते ऐकून मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! एवढ्या एडिसनमध्ये, आणि मराठी ऐकायला मिळालं ते चर्चच्या तळघरातल्या दवाखान्यात. तुम्ही इथेच वाढलात का? वाटलंच, ‘र’ जरा गोल येतो तुमचा. हिचं नाव काय? पद्मिनी. वा, अंग कसं भरलेलं — नाही नाही, काही म्हणत नाही मी. तीट लावत जा हो हिला.

डॉक्टर कोणता घ्यायचा, असं ना? मला विचारताय म्हणजे कमालच. दोघंच आहेत, आज दोघंही आलेत. मोठे डॉक्टर हॉफमन, ते सारखे हसतात, आणि एक तरुण बाई आहेत, त्या अजिबात हसत नाहीत. मी हसणारे घेतले. त्र्याऐंशीत लग्न होऊन इथे अमेरिकेत आले, इंग्रजी हे असं, मी हसरा चेहरा बघूनच जाणार ना? तुम्ही नका घेऊ. वाईट नाहीत, देवमाणूस आहेत अगदी, पण — सांगते, काय झालं ते सांगते.

पहिल्यांदा याला आणलं तेव्हा हा चांगला गुटगुटीत होता. डॉक्टरांनी उचलला, काट्यावर ठेवला आणि मोठ्यांदा म्हणाले, व्हॉट अ बिग हेल्दी बॉय! सगळ्यांच्या देखत. आता असं कुणी म्हटलं तर आपण काय म्हणतो? हो म्हणतो का? आमच्या अकोल्याला तर बाई आधी पोराला पदराखाली घेते आणि म्हणते, कुठलं हो, खातच नाही मेला, नुसती हाडं राहिलीत. मीही म्हटलं. आपोआप आलं तोंडातून. नो डॉक्टर, ही इज नॉट ईटिंग, नथिंग, ओन्ली बोन्स! झालं, त्यांचं हसूच गेलं. एवढीशी ती शीर, दोघींनी धरून रक्त काढलं, एक्स-रे झाला, घरी एक सरकारी बाई आल्या, पोराला खायला घालतो की नाही म्हणून आमचा फ्रिज बघायला. फ्रिज हो! मी त्यांना चहा दिला, चकली दिली. सगळं नॉर्मल निघालं. पुढच्या खेपेला डॉक्टर याच्या मांड्या बघून पुन्हा तेच म्हणाले, आणि मी पुन्हा — जीभच तशी वळते, काय करू? मुलाला दृष्ट लागू देऊ? तेव्हापासून ते मलाच हसायला लागले. मी दारात दिसले की डोनाच आधी म्हणते, हियर कम्स ओन्ली बोन्स! लाडानेच म्हणते. सगळा दवाखाना मला त्याच नावाने ओळखतो.

आणि परवापासून हा खरंच खात नाही.

तुम्ही हसलात का? नाही? मला वाटलं हसलात. मला हल्ली सगळ्यांची तोंडं हसल्यासारखीच दिसतात. आधी जुलाब झाले, मग ओकला, आता तेही नाही, काही नाहीच. पाजायला घेतलं की मान फिरवतो. पेज करून बघितली, साखरमिठाचं पाणी बघितलं, सगळं ओठावरून खाली. सकाळपासून लंगोट कोरडा आहे हो. आल्या आल्या डोनाला सांगितलं, ही इज नॉट ईटिंग. ती म्हणाली, आय नो, हनी, आणि हसली, आणि बस म्हणाली — आणि मी बसले. बसले! दुसरं काय सांगणार होते? शब्द तेच आहेत. खोटं बोलताना जे वापरले तेच, खऱ्यासाठी वेगळे मला येतातच कुठे? आणि ही टाळू बघा — हात लावा, लावा ना — कशी खोल गेलीय. टाळूला इंग्रजीत काय म्हणतात? तुम्हालाही नाही माहीत? मी म्हटलं, हेड इज गोइंग डाउन. ती म्हणाली, झोप आली असेल त्याला.

यांना, म्हणजे आमच्या विनयरावांना, लॅबमध्ये फोन केला होता. पीएचडी करतात ते. म्हणाले, पुन्हा सुरू झालं का तुझं? उगाच दवाखान्यात जाऊन हसं करून घेऊ नकोस. मी इथे आहे हे त्यांना माहीत नाही. गाडी तेच घेऊन जातात, मी स्ट्रोलर ढकलत आले, रस्त्याच्या कडेकडेने — कशाला सांगतेय मी हे तुम्हाला? तुमची-माझी ओळख ना पाळख. माणूस चांगला आहे हो. पण घरी आले की पेपर घेऊन बसतात, आणि मी बोलले की मान हलवतात, बस.

आई म्हणायची, घरात अभद्र बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणते. मी म्हणायचे, भाड्याच्या अपार्टमेंटला कसली आलीय वास्तू! आणि आता रोज वाटतं — मीच बोलून बोलून — नाही, तुम्ही शिकलेल्या, तुम्ही सांगा, असं नसतं. नसतं ना? नुसतं म्हणा ना, नसतं म्हणून.

सीमा म्हणाली का ती डोना? तुम्हीच ना सीमा? उठा, मग. नाही, नाही, तुमचा नंबर मला नको, मी आत गेले तर तेच बोलेन आणि ते याच्याकडे बघायच्या आधी माझ्याकडे बघून हसतील. तुम्ही जा. त्या तरुण बाई मागा. आणि लेकीचं नंतर काढा, आधी हे सांगा — बाहेर एक मूल आहे, टाळू बसलीय, लघवी नाही, हाक मारली तरी डोळे अर्धेच उघडतो. तुमच्या इंग्रजीत सांगा, भरभर, त्यांच्यासारखं. स्वतः हात लावून पाहिलं म्हणा. पाहिलंत ना? मग झालं तर. फक्त, आई म्हणते असं म्हणू नका. आईचं नावच काढू नका. कुणाचंतरी मूल आहे म्हणा. जा ना हो. जा.