मागच्या दाराचं घर

...नाही, पण मला सांगा, आजकाल फुकटचा सल्ला सोडून कुणी कुणाला काही देतं का? आणि इथं बिल्डर म्हणतो, घर घ्या! तेही टोलेजंग इमारतीत, तेही निम्म्या किमतीत! तुम्हाला सांगतो, मी न्हावी माणूस, दिवसभर लोकांच्या डोक्यात हात, आत काय शिजतंय ते बोटांना कळतं माझ्या! म्हटलं, कुठंतरी पाणी मुरतंय.

बायको म्हणाली, "अहो, नियमच आहे तसा. एवढी मोठी इमारत बांधायची तर काही घरं आपल्यासारख्यांना द्यावीच लागतात. सोडतीत नाव आलंय. दर वर्षी घरमालक हाकलणार, दर वर्षी बिऱ्हाड हलवायचं... मी नाही आता भांडी बांधायची!" नियम म्हणे! अहो, नियम आपल्या बाजूनं असला की जास्त घाबरायचं!

किल्ली आणायला दोघं गेलो, तर ऑफिसातली पोरगी, आवाज साखरेत घोळलेला, "काकाऽ, तुमचं दार ना, मागच्या बाजूला आहेऽ..." बघा! पुढे कारंजं, संगमरवर, सलाम ठोकणारा वॉचमन. मागे आम्ही आणि कचऱ्याचे डबे! मुरतंय म्हटलं ना पाणी! किल्ली तिच्या टेबलावर आपटली नि निघालो... वळून बघतो तर बायकोनं ती उचलून कमरेला खोचलेली!

राहायला गेलो. भिंती ठोकल्या, नळ सोडले, खिडक्या उघडून मिटून बघितल्या... सगळं ठीक! हीच तर भीती! एवढं शोधून खोट सापडत नाही, म्हणजे किती खोल दडवली असेल, सांगा!

आणि परवा पुढच्या लिफ्ट बंद पडल्या. जिना काय तो आमच्याच बाजूला, मग सगळी बडी मंडळी आमच्या दारानं, आमच्या जिन्यानं वर! एक सुटाबुटातले साहेब आमच्या मजल्यावर येईस्तोवर असे धापा टाकायला लागले, की बायकोनं हात धरून घरात बसवलं. दम खाल्ला, चहूकडे बघितलं, आणि डोळे बारीक करून म्हणतात कसे, "खरं सांगा हं... एवढं स्वस्त कसं मिळालं तुम्हाला? कुठंतरी पाणी मुरतंय!"

अंगाचा तिळपापड झाला हो! म्हटलं, "साहेब, संशय घ्यायचा तर आपापल्या घराचा घ्या!" तर चेहराच पडला बिचाऱ्यांचा. म्हणाले, "घेतो हो... पण आमच्याकडे कुणी ऐकूनच घेत नाही."

लिफ्ट केव्हाच सुरू झाल्या, पण साहेब रोज संध्याकाळी हजर! मी म्हणतो, बिल्डरनं मला फसवलं, ते म्हणतात, छे, मला, आवाज चढतात, आणि आतनं बायको ओरडते, "दोघंही फसलात! आता हात धुवा नि ताटावर बसा!"

...बसतो. काय करणार?