नातवाला हात लावू का?

आता मला सांगा, मान खाजते म्हणून डॉक्टरला विचारलं, तर त्याने मान बघावी का हात? नाही, तुम्हीच सांगा, कारण मला तर काही समजेनासंच झालंय...

तुम्हाला सांगतो, आमची पुनम बाळंतपणाला असोद्याला आलेली, घरात पंधरा दिवसांचा नातू, पहिला नातू हो, आणि नेमका तेव्हाच माझ्या मानेवर हा चट्टा उठावा? जळगावला जायचं तर सकाळपासून नंबर लावा, दुपारपर्यंत बाकावर बसा. तर आमचे जावई नीलेशराव, धुळ्याला बँकेत असतात, ते म्हणाले, "मामा, जाता कशाला? पुण्याच्या डॉक्टरीणबाई मोबाईलवर बघतात." म्हटलं, बघू दे. मला विचारायचं तरी काय होतं? एवढंच, की हे लागट आहे का, आणि नातवाला हात लावू का नको?

झालं. मला खाटेवर बसवलं, जावयांनी मोबाईल धरला, बाई दिसल्या, म्हणाल्या, "काका, कॉलर खाली करा." केली. आता कॉलर माणूस हातानेच खाली करणार ना? तर बाई म्हणतात, "थांबा थांबा, बोटांवर हे काळे डाग कधीपासून?" म्हटलं, लहानपणापासून. "साबणाने जातात?" छे, कधीच नाही. "घरात आणखी कोणाला?" म्हटलं, वडिलांना होते, भावाला आहेत, बायकोला आहेत, अर्ध्या गावाला आहेत... बाईंचा चेहरा एवढासा झाला! अहो, केळीचा चीक तो. घड कापला की हातावर येतो, काळा पडतो, राहतो. त्याला डाग म्हणतात हे मला साठाव्या वर्षी कळलं. ते सांगायला तोंड उघडलं, तर बाईंची दहा मिनिटं संपली. मी आपला बंद मोबाईलला विचारतोय, पण नातवाला हात लावू का...

मग मोबाईलवर कागद आला. मानेला मलम, ठीक. आणि खाली काय? काळे डाग असलेल्यांनी तपासणी होईपर्यंत बाळाला घेऊ नये! मानेचं लागट आहे का, ते लिहिलंच नाही. म्हटलं, "जावईबापू, हा चीक आहे." तर म्हणे, "मामा, लेखी आलंय." आता घरी आलेल्या जावयाला खोटं कोण पाडणार? बायकोकडे बघितलं. तिच्या बोटांवरही तोच चीक, पण माहेर धुळ्याकडचं, कानात म्हणते, "गप बठा, डाक्टरले तुमनापेक्षा जास्ती समजस."

पुढचा नंबर मंगळवारी. तोवर जावई ओट्यावर उभे राहून बाळ बघायला येणाऱ्यांची बोटं तपासतात. असोद्यात! केळीवाल्यांच्या गावात! काल अकरा जण आले, एकटे शाळेतले मास्तर पास झाले. त्यांनी माझ्या नातवाला मांडीवर घेतलं, आणि मी चहा आणून दिला.

पाच दिवस झाले. नातू आतल्या खोलीत, मी बाहेर, मधे एक पडदा. रात्रंदिवस त्याचा आवाज ऐकतो आणि जीव नुसता तुटतो. नातवाला हात लावू का, हे आता विचारायचं तरी कोणाला? शेवटी पुनमला दया आली, तिने आतून व्हिडिओ कॉल लावून दिला. पोराने अशी जांभई दिली म्हणून सांगू, मी इकडून मोठ्याने लाडाने हाक मारली... तर आतून पुनम म्हणते, "आप्पा, तुमचा आवाज दोनदा येतोय, बाळ दचकतंय, एक काहीतरी बंद करा."

मग काय करणार... मोबाईल चालू ठेवला आणि मीच बंद झालो.