पाळी सुटायच्या जरा आधी

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, खाजगी बस कंपनीतर्फे आवर्जून आलेले पाहुणे, सत्कारमूर्ती वाहतूक व्यवस्थापक साहेब, आणि उद्या काम राहणार की नाही हे ठाऊक नसतानाही टाळ्या वाजवायला जमलेल्या माझ्या चालक-वाहक बंधुभगिनींनो!

वर्कशॉपच्या माणसाला माईक देणं धोक्याचं. आम्हाला आवाजावरून बिघाड ओळखायची खोड. साहेब आता विश्रांती घेणार, असं अध्यक्ष म्हणाले. मग चहाच्या वेळी हे पाहुणे हळूच आपल्या साहेबांना ‘उद्या भेटू’ का म्हणाले? असेल, विश्रांतीही एकत्र घेत असतील.

साहेबांचं मोठं कार्य म्हणजे हॉस्पिटलच्या बसचं नवं वेळापत्रक. आमची मंडळी तिथेच नर्स आहे. पूर्वी पाळी सुटली की बस निघायची, खच्चून भरून. साहेबांनी ती पाळी सुटायच्या जरा आधी सोडायला लावली. बायको धापा टाकत घरी यायची.

‘अहो, तुमची बस आम्हाला बघून पळते का?’

‘अगं, सुधारणा चालू आहे.’

‘मग तिला म्हणावं, थांब जरा, आम्हीही येतोय!’

एकदा आमचे तात्या ड्रायव्हर बस घेऊन हॉस्पिटलच्या फाटकापाशी थांबले. साहेब बसमध्येच होते.

‘साहेब, बायका धावत येतायत हो.’

‘तात्या, वेळ म्हणजे वेळ. दयामाया घरी.’

बस रिकामी गेली. रोजच जाऊ लागली. मार्ग तोट्यात निघाला, आणि तोट्यातला म्हणून उद्यापासून पाहुण्यांच्या कंपनीकडे. त्यांचं वेळापत्रक फाटकावर लागलंसुद्धा. त्यांची बस केव्हा सुटणार? पाळी सुटल्यावर! केवढा हा योगायोग! तात्यांना मात्र तिच्यात जागा नाही.

असो. निवृत्त होणाऱ्याला सजवलेल्या बसने घरी पोचवायची आपल्या डेपोची रीत आहे. तात्यांनी स्वतः हार बांधलेत. त्यांचीही ही शेवटची फेरी. सुटायची वेळ साहेबांच्याच शिस्तीत ठेवली आहे, कार्यक्रम संपायच्या जरा आधी.

ऐकलंत? इंजिन चालू झालं. अहो साहेब, धावू नका, शाल पायात येईल!

गेली. रिकामीच गेली.

म्हणजे साहेबांच्या घरचा मार्गही आता तोट्यात. पाहुणे बसलेच आहेत, त्यांनी तोही चालवायला घ्यावा.

आपण शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात कुठे खडखड झाली असेल, तर जुनी गाडी समजून पोटात घाला.