राहूची शांती

तुम्ही हसाल, पण आमच्या उंब्रजला राहूवरनं जुंपली ती माझ्यामुळंच. ग्रहणाच्या दिवशी मी जोशीगुरुजींना उगाच डिवचलं, "पूर्वीच्या लोकांना वाटायचं, राहू राक्षस चंद्र गिळतो. अडाणीच होते सगळे."

गुरुजींनी पंचांग आपटलं. "अरे, तेच लोक गणित करून ग्रहणाची वेळ आधी सांगायचे. राक्षस काय टाइमटेबल बघून जेवतो? राहू म्हणजे नुसता बिंदू. चंद्राची वाट सूर्याच्या वाटेला छेदते, तिथला. तिथं काहीसुद्धा नसतं!"

शेजारी आमचे मामा चहा पीत होते, फौजेतनं रिटायर झालेले सुभेदार. ते ताडकन उठले. "काय नसतं? आवं, मग गेल्या महिन्यात तुमी माझ्या घरी राहूची शांती केलीसा, दानाचं पिशवीभर उडीद नेलंसा, तवा शांत झालं कोण?"

गुरुजींनी पंचांग उचलून काखेत मारलं. मग म्हणाले, "सुभेदार, सरहद्द तरी काय, नकाशावरची रेघच. तिच्यासाठी जन्मभर बंदूक घेऊन उभे राहिलातच ना?"

"व्हय. पर रेघंपल्याड दुश्मन हुता. तुमच्या बिंदूपल्याड तर माझं उडीद खात तुमीच बसलायसा!"