सदर कंपनीत मी कामाला नव्हते, याबाबत

मी, खाली सही करणारी, वय त्रेचाळीस वर्षे, धंदा नोकरी (खाजगी दवाखान्यात टेलिफोनवर), राहणार पाण्याच्या टाकीमागे, तिसरा मजला, सोबत पती व सासूबाई, आज शनिवारी दुपारी चार वाजता पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून सांगते की,

दवाखान्यात मी अकरा वर्षे फोन घेते. पाळ्या बदलत्या असतात. सासूबाईंचे गुडघे धरल्यापासून संध्याकाळी घरी कोणीतरी लागते, म्हणून मी दिवसाची नोकरी शोधत होते. लिफ्ट बसवणे व दुरुस्त करणे हा व्यवसाय असलेल्या सदर कंपनीची जाहिरात मी वाचली. तीत 'आम्ही कंपनी नाही, कुटुंब आहोत' असे छापले होते. घरात एक कुटुंब असताना दुसरे कशाला, असे पती म्हणाले. तरी मी अर्ज केला. मला आज सकाळी अकराची वेळ मिळाली. राजीनामा लिहून पर्समध्ये ठेवला होता. त्यावर तारीख घातलेली नव्हती.

निघताना सासूबाई म्हणाल्या, "मुलगी देताना सतरा ठिकाणी चौकशी करतात आणि नोकरी धरताना नुसती पाटी बघतात. तू हाताखालच्या माणसांशी कसं बोलतात ते बघ. आधीची बाई का गेली ते विचार. आणि ठरेल ते कागदावर घे." त्या तीस वर्षे छापखान्यात कामाला होत्या. हे लिहून घ्यावे, कारण त्यांनी सांगितले नव्हते असे उद्या कोणी म्हणू नये.

मी पावणेअकराला पोहोचले. पुढच्या खोलीत काउंटर, फोन आणि काउंटरवर बसणारी मुलगी. तिच्या मागे भिंतीवर 'वेळ म्हणजे विश्वास' अशी पाटी होती व तिच्याखालचे घड्याळ बंद होते. मालक बारा वाजून वीस मिनिटांनी आले. मुलीला म्हणाले, "ए, पाणी." मला म्हणाले, "या ताई, आपलंच घर समजा." मुलाखत सात मिनिटे चालली. पैकी पाच मिनिटे ते मोबाइलवर दुसऱ्या कोणाला रागावत होते.

मी विचारले, "आधीच्या बाई का गेल्या?"

"त्यांना कुटुंबात राहता आलं नाही."

"नेमणुकीचं पत्र कधी मिळेल?"

"पत्र कशाला? माझा शब्द आहे ना. सोमवारी या."

मी म्हणाले, "पत्र मिळालं की येते." त्यावर मालक हसले व म्हणाले, "हुशार आहात. आत बसा, हा फॉर्म भरा, तोवर टाइप करून देतो." मी आतल्या खोलीत बसले. फॉर्म नऊ पानी होता. त्यात 'तुम्हाला राग येतो का, आल्यास किती' असा प्रश्न होता. तो मी तात्पुरता कोरा सोडला.

पाचव्या पानावर असताना शटर ओढल्याचा आवाज झाला. शेजारच्या दुकानाचे असेल असे वाटले. जरा वेळाने बाहेर आले तर दिवे बंद, मुलगी नाही, मालक नाहीत आणि शटर बाहेरून कुलूपबंद. तेव्हा एक वाजून दहा मिनिटे झाली होती. शनिवारी अर्धा दिवस असतो हे मला कोणी सांगितले नव्हते. मालकांना मोबाइल लावला. 'मी मीटिंगमध्ये आहे' असा संदेश आला. पुन्हा लावला, पुन्हा तोच आला. मी शटर वाजवले. रस्त्यावर कोणी थांबले नाही.

तेवढ्यात काउंटरवरचा फोन पुन्हा वाजू लागला. मी आत असतानाही तो वाजत होता, मुलगी घेत असेल असे वाटले होते. मी तो घेतला. पलीकडे एक वयस्कर बाई होत्या. "लिफ्टवाले ना?" असे त्यांनी विचारले. मी हो म्हणाले नाही. मी "बोला" म्हणाले. हे नीट लिहून घ्यावे.

त्या शिवणकामाचे वर्ग घेतात, वय एकाहत्तर. त्यांच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये, चौथ्या व पाचव्या मजल्यांच्या मध्ये, एकट्या अडकल्या होत्या. आतला पंखा बंद. हाका मारून घसा बसलेला. लिफ्टमध्ये चिकटवलेल्या 'चोवीस तास सेवा' या नंबरावर हा त्यांचा नववा फोन. बोलताना दम लागत होता. म्हणाल्या, "फोन ठेवू नका हं, बाई. मी अडकलेय."

मी म्हणाले, "नाही ठेवत. मी पण अडकलेय."

"तुम्ही कुठल्या लिफ्टमध्ये?"

"लिफ्ट नाही, ऑफिस. लिफ्टवाल्यांनी आत ठेवून कुलूप लावलं."

त्यावर त्या हसल्या. बराच वेळ हसल्या. नंतर त्यांचा श्वास जरा सावरला. मी त्यांना खाली बसायला, दाराला हात न लावायला आणि मला ब्लाउजचे माप कसे घेतात ते सांगायला सांगितले. माणूस बोलत राहिला की घाबरत नाही, हे मला दवाखान्यात कळले आहे.

एका कानाला काउंटरचा फोन धरून दुसऱ्या हाताने मी मोबाइलवरून मेकॅनिकांचे नंबर लावले. ते भिंतीवर लिहिलेले होते. पहिला नंबर अस्तित्वात नाही. दुसऱ्या गृहस्थांनी आपण आता रोपवाटिका चालवतो असे सांगितले व गुलाबाची कलमे हवीत का विचारले. तिसऱ्या नंबरापुढे 'तात्या' असे लिहिले होते. ते म्हणाले, "तिथलं काम सोडून दोन वर्षं झाली. माझा नंबर अजून भिंतीवर? कुठली इमारत?" मी नाव सांगितले. ते म्हणाले, "त्या लिफ्टचा ब्रेक बदला म्हणून मी तीनदा लिहून दिलं होतं. निघालो." त्यांनी दुसरे काही विचारले नाही.

शिवणाच्या बाई बाहीच्या गोलाईपर्यंत आल्या तेव्हा त्यांच्याकडून धातूचा आवाज आला. मग तात्यांचा आवाज, "आजी, मागे सरका." दोन वाजून आठ मिनिटांनी त्या बाहेर आल्या. मग त्यांनी फोनवर मला विचारले, "आता तुमचं काय?" तोवर माझे मला सुचले नव्हते. मी दोन वाजून दहा मिनिटांनी ठाण्यात फोन केला.

तीनच्या सुमारास हवालदार व मालक किल्ली घेऊन आले. मालक कुठल्याशा जेवणावरून उठून आलेले दिसत होते. त्यांचे पहिले वाक्य, "फोनला हात लावायला कोणी सांगितलं?" तेवढ्यात त्या इमारतीचे सेक्रेटरी लेखी तक्रार घेऊन तिथे आले. शनिवारी फोन कोणी घेत नाही, म्हातारी माणसे अडकतात, असा त्यांचा मुद्दा. मालकांनी लगेच माझ्याकडे बोट केले. "घेत नाही कसं? या आमच्याच ताई. आजच रुजू झाल्या. अर्ध्या दिवशीसुद्धा माणूस बसवलाय आम्ही."

बसवले होते हे खरे आहे. बाकी खरे नाही.

मला विचारल्यावरून सांगते की, मी सदर कंपनीत रुजू झालेले नाही, मला पत्र मिळालेले नाही व फॉर्मही पाचव्या पानावर थांबलेला आहे. कुलूप मुद्दाम लावले असे माझे म्हणणे नाही. मुद्दाम करायला आधी आत कोण आहे ते लक्षात असावे लागते. काउंटरवरच्या मुलीवर माझी तक्रार नाही. तिला साडेबारापासून मालकांनी चार कामांना पिटाळले होते, ते मी आतून ऐकले आहे. ब्रेकबाबत तात्यांचा वेगळा जबाब घ्यावा, ही विनंती. मग फोन का घेतला, असे ठाण्यातील साहेबांनी विचारले. वाजत होता म्हणून घेतला.

इथे बाकावर बसले असताना मालकांनी मला पुन्हा नोकरीचे विचारले व सेक्रेटरींसमोर हो म्हणा, हवे ते पद देतो, असे हळू आवाजात सांगितले. मी त्यांना तेच मोठ्याने सांगायला सांगितले. त्यांनी सांगितले नाही.

त्यानंतर तात्यांचा फोन आला. "सुटलात का?" असे त्यांनी विचारले. माझे शिवणाच्या बाईंनी त्यांना सांगितले होते. ते व त्यांचा भागीदार मिळून आता स्वतःचे काम करतात. एक खोली आहे, फोन घ्यायला माणूस नाही. "याल का?" म्हणाले. मी विचारले, "आधीची बाई का गेली?" ते म्हणाले, "आधी बाई नव्हती, मीच फोन घेतो. म्हणून शिडीवर असलो की वाजतच राहतो." पत्र द्याल का विचारले. "देईन, पण माझं अक्षर वाईट आहे."

मंगळवारी सकाळी साडेदहाला मी तिथे जाणार आहे. कामाला येते असे मी म्हटलेले नाही. बघायला येते असे म्हटले आहे. ते तसेच लिहावे.

हा जबाब हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. एका ठिकाणी 'कर्मचारी' लिहिले गेले होते, ते माझ्यासमोर खोडून 'उमेदवार' केले व त्यावर मी छोटी सही केली. बाकी मी सांगितले तसेच आहे.