नेपच्यून तुमच्या दारात

नाही हो, लिंबू नाही ते, नेपच्यून आहे — लिंबाएवढा मातीचा गोळा, निळा रंग अजून ओला आहे, बोट नका लावू काका. तो तुमच्या दाराला टांगायचाय, त्या सायकलच्या जुन्या ट्यूबा लोंबतायत ना, त्यांच्या शेजारी. तुमचंच दुकान का? मी कुठं निवडलं, गणितानं निवडलं. आमच्या शाळेच्या भिंतीवर सूर्य रंगवलाय, माझ्या हनुवटीला लागेल एवढा पिवळा गोल — मग त्या मापात पृथ्वी केवढी? शर्टाचं बटण. एक मीटर म्हणजे दहा लाख किलोमीटर, म्हणून बटण दीडशे मीटरवर, औषधवाल्याच्या काचेवर चिकटवलं, आणि त्याच्यापासून दोन वितींवर मिरीचा दाणा, तो चंद्र. माणूस पोचलाय तो इथवर, दोन विती, आणि मिजास बघा आपली. पुढे गुरू, खरबुजाएवढा, आणि मग चालत राहायचं, नुसतं चालत राहायचं, मध्ये काही नाही — मला ते काही नाहीच जास्त आवडतं — आणि साडेचार किलोमीटरवर तुम्ही, शेवटचा ग्रह. त्यानंतरचा तारा? इथून सरळ निघायचं, समुद्रबिमुद्र ओलांडून अख्ख्या पृथ्वीला वळसा घालायचा, की आमच्या शाळेच्या मागच्या दाराशी याल. तिथं तो. आणि हा सगळ्यात जवळचा, हं.

मोठ्या बाईंना सगळं व्हरांड्यात हवं होतं, ओळीनं. मी म्हटलं, मुलांना वाटेल शनी शेजारच्या वर्गात बसतो. शब्दानं शब्द वाढला, आणि भर स्टाफरूममध्ये मी सांगून बसले की एक जरी ग्रह चुकला तरी सोमवारपासून नोकरीवर येत नाही. आईला अजून माहीत नाही — तुम्हाला का सांगतेय कोण जाणे. तीन वाजता मुलं निघतायत, बाई स्वतः चालणार आहेत.

मोजलं कसं? माझ्या सायकलच्या या चाकानं. तारेला लाल दोरा बांधला, दोरा वर आला की एक फेरी — एकवीसशे त्रेचाळीस, एकही चुकली नाही, युरेनसपाशी शिंक आली तर उतरून शिंकले. तुम्ही टायर का दाबताय? हवा कमी आहे? असू दे की, चालतेय ना — थांबा. चाकाचा घेर मी मोजला तेव्हा टायर टम्म होता. आज मी बसले, टायर दबला, चाक बुटकं झालं. फेरीला दोन-अडीच सेंटिमीटर कमी. म्हणजे इथपर्यंत पन्नासेक मीटर. म्हणजे पाच कोटी किलोमीटर, काका, पाच कोटी, एवढ्याशा हवेनं खाल्ले, काय भारी आहे हे — नाही, भारी कसलं. सगळेच अलीकडे आलेत. बटण, मिरी, खरबूज, सगळे. सूर्य तेवढा जागेवर.

काय म्हणालात? राहू दे इथंच, कोण मोजतंय? अगदी हेच बाई म्हणाल्या होत्या, याच शब्दांत, आणि तिथंच माझी सटकली होती.

साडेबारा झाले. बोलू नका आता. पंप द्या.