टीव्हीचा आवाज

कानाच्या दवाखान्यात माझ्या पुढच्या बाकावर एक म्हातारी नवऱ्याला घेऊन बसली होती. शेजारच्या बाईनं तिला विचारलं,

"काकांना अजिबातच ऐकू येत नाही का, मावशी?"

"सगळा जन्म कापडाच्या मागाच्या खडखडाटात गेला की ओ. मोठ्यानं बोललं तर येतंय."

"मग आज काय झालं?"

"कुंभारी गावातलं घर विकून पोराच्या फ्लॅटात आलो. टीव्ही लावला की वरची बाई दार वाजवायची. च्या घेता का म्हणून मी ह्यांना विचारलं, तरी तक्रार. म्हातारा-म्हातारी रोज भांडतात, म्हणाली."

"अगं बाई! मुलगा काय म्हणाला?"

"त्याला सोसायटीच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर बोलले. घरी येऊन मलाच म्हणला, आई, तुमच्यापायी मान खाली घालावी लागती."

"मग?"

"मग मी टीव्हीचा आवाज बंदच करून टाकला. आता ह्यांच्याशी बोलणंबी हातवारे करून."

"आणि काका?"

"नुसती चित्रं बघत बसतात. त्यांना वाटतंय, होतं तेवढंबी ऐकू येणं गेलं. जेवण तुटलंय. दवाखान्यात चल म्हणून त्यांनीच हट्ट धरला."

"अहो, मग खरं सांगून टाका की! नाहीतर डॉक्टर सांगतीलच."

"डॉक्टरला आधी मी एकटी भेटणार हाय. कान गेले असंच सांगा म्हणणार."

"असं का करता, मावशी?"

"कान गेले तर सोसतील ओ ते. पोराला आपला आवाज नको झालाय, हे न्हाय सोसायचे."